दोन पेंढ्या राहिल्यात

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि तेही लख्ख दुपारी. मामा सोबत होते, हवं तर त्यांना विचारा.

मला जुना ट्रॅक्टर घ्यायचा होता. मध्यम ताकदीचा, पंचेचाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. सकाळी नांगरणी करायची आणि संध्याकाळी गोठ्यात चारा कापायचं कुट्टी मशीन चालवायचं. शेत मी बघतो, चौदा गायी बायको बघते. म्हणजे मशीनजवळ उभी राहणार ती.

मामांनी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. त्यांची एक सवय आहे. न कळवता जायचं आणि आधी इंजिनावर तळहात ठेवायचा. इंजिन गरम लागलं, तर विकणाऱ्याने आधीच चालवून दुखणं लपवलं, असं समजायचं.

दलालाच्या आवारात दोन ट्रॅक्टर होते.

लाल जुनाट. टायर झिजलेले, तेल गळत होतं. पण क्लच चांगला आणि अवजारं उचलणारी मागची लिफ्ट दणकट.

निळा नवरीसारखा नटलेला. कमी तास चाललेला, ताजा रंग, नवे टायर. मागे कुट्टी मशीन फिरवणारा लोखंडी शाफ्टही जोडलेला. मी तर पाहताक्षणी विरघळलो.

"कपडा अडकू नये म्हणून शाफ्टवर असतं ते गार्ड कुठंय?" मामांनी विचारलं.

"काढलं. सारखं मध्ये येतं हो," दलाल म्हणाला.

"बरं केलंत," मी म्हणालो. "मीही काढूनच टाकणार होतो."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाली बघू लागलो.

तेव्हा एक गोष्ट जाणवली... आवारभर चिमण्या होत्या. पत्र्यावर, कुंपणावर, लाल ट्रॅक्टरवर.

निळ्यावर एकही नव्हती.

मामांनी त्याच्या इंजिनावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "शेठ, आत्ताच चालवलाय हा."

"काहीतरीच काय मामा! महिनाभर बंद आहे. बॅटरीच नाही त्यात." दलालाने झाकण उघडून दाखवलं.

खरंच, बॅटरीची जागा रिकामी होती.

मग आवाज आला... कर्र... कर्र...

शाफ्ट फिरत होता. अगदी हळू.

"उतार आहे ना जरा," दलाल हसला. जमीन सपाट होती. तो शाफ्ट हाताने अडवायला वाकला.

"हात लावू नका!" मामा ओरडले.

त्याची बाही अडकली.

इंजिन सुरू झालं नाही. धूर नाही, धडधड नाही. नुसता शाफ्ट सुसाट फिरू लागला. "बंद करा! बंद करा!" दलाल किंचाळत होता. मी त्याला कमरेला धरून ओढत होतो. मामा सीटवर चढले, पण चालूच नसलेला ट्रॅक्टर बंद कसा करायचा?

आणि सीटच्या बाजूने कुणीतरी बोललं... अगदी शांतपणे.

"थांबा हो भाऊजी. दोन पेंढ्या राहिल्यात."

मामा बोलले नव्हते.

दलालाने मान वर केली. त्याने तो आवाज ओळखला होता. त्याचा तो चेहरा मला आजही झोपू देत नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याची बायको आली. मामांनी चाचरत तिला त्या आवाजाचं सांगितलं.

"माझा धाकटा भाऊ," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी ह्याच शाफ्टमध्ये गेला. हे सीटवर होते. तो ओरडत होता, बंद करा. हे म्हणाले, थांब रे, दोन पेंढ्या राहिल्यात. मी दारात उभी राहून ऐकत होते."

तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"बरं केलं त्यानं," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

मी लाल ट्रॅक्टर घेतला. घरी आणल्या आणल्या शाफ्टला नवं गार्ड बसवलं, चार बोल्ट घट्ट आवळले. रोज सकाळी इंजिनावर तळहात ठेवतो. गार लागलं की जिवात जीव येतो.

पण गेल्या आठवड्यात बायको गोठ्यातून आली आणि म्हणाली, "अहो, मघाशी मागून तुम्हीच विचारलंत ना, किती पेंढ्या राहिल्या?"

मी तेव्हा शेताच्या दुसऱ्या टोकाला होतो.

गार्ड काढूनच टाकणार होतो, असं मी त्या आवारात मोठ्याने बोललो होतो. त्या मेलेल्या मेहुण्यानेही ते ऐकलं असणार...

तिला अजून काही सांगितलेलं नाही. मशीनजवळ आता मीच उभा राहतो.

काल गार्डचा एक बोल्ट सैल झाला होता. मी आवळला.

आज सकाळी दोन सैल होते. आणि इंजिन कोमट होतं.