हळूहळू उतरणारे सेल

"ते नका घेऊ, मॅडम."

देचम्माने हातातल्या सेलवरून वर पाहिलं. बंगळूरच्या एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गिऱ्हाइकाला 'घेऊ नका' म्हणणारा दुकानदार तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"दुकान तुमचंच ना?"

"मामाचं. मी फक्त शनिवारी बसतो, म्हणून खरं बोलतो." सुमंत हसला. त्याच्या बोटांना सोल्डरिंगच्या धुराचा वास होता. "लावायचेत कुठे?"

"कोडगूला, आमच्या कॉफीच्या मळ्यात. पाऊस मोजणारी पेटी बनवलीय. आधी बाबा रोज मोजायचे... आता आकडा माझ्या फोनवर येईल."

"मग सौर पट्टी लावा."

"आमच्याकडची सावली पाहिली नाहीत तुम्ही."

"कुणी दाखवली तर पाहीन की."

ती उगाचच सेलवरची बारीक अक्षरं वाचत राहिली.

त्याने एक जाडसर लिथियमची बॅटरी पुढे ठेवली. "ही घ्या. कितीतरी वर्षं बघायला नको. व्होल्टेज शेवटपर्यंत जसंच्या तसं..."

"आणि मग?"

"मग एके दिवशी एकदम बंद."

तिने हात मागे घेतला. बाबा गेले त्याच्या आदल्या रविवारीसुद्धा फोनवर त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"ही नको. मला आधी कळायला हवं."

त्याने बॅटरी परत ठेवली. साधे अल्कलाइनचे पेन्सिल सेल काढले. "हे हळूहळू उतरतात. पेटी आधीच सांगेल. पण दर वर्षी बदलावे लागतील... म्हणजे इकडे यावं लागेल."

"हे तर आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतात."

"मिळतात. पण तो इतकं बोलत नाही." त्याने बिलामागे स्वतःचं नाव आणि नंबर लिहून दिला.

पेटी लागली. देचम्मा रोज फोनवर सेलचा आकडा बघे. फारच सावकाश उतरत होता तो. लवकर उतरावा असं मनात आलं, की ती स्वतःशीच ओशाळे. दोन शनिवार ती त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली — आणि परतली. काय मागणार होती?

मार्चातल्या एका दुपारी ऑफिसात फोन थरथरला. मळ्यावर सव्वा इंच. कॉफीला फुलवणारा पाऊस झाला की कोडगूत आकडा आधी आपल्या माणसाला सांगतात, मग शेजाऱ्यांना. बाबांचा पहिला फोन तिला असायचा.

तिने सुमंतला फोन लावला.

"सव्वा इंच."

"बरं... पण मला का सांगताय?"

"आमच्याकडे आधी आपल्या माणसाला सांगतात."

पलीकडची रस्त्यावरची वर्दळ कमी झाली; तो आडोशाला गेला असावा.

"सेल उतरले का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. पण आठवड्याभरात सगळा मळा पांढरा होईल. फुलं तीन-चार दिवसच टिकतात... आणि सावली तुम्ही पाहिलेली नाही."

"पुढच्या शनिवारी," सुमंत म्हणाला, "मामा बसेल दुकानात."