नऊ आडव्या रेघा

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, कारण ती माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली. आणि माझी मावशी म्हणजे भुताची गोष्ट ऐन रंगात आली की "फ्यूज तपासला का?" असं विचारणारी बाई. तिने हे मला एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तर भांडी घासायला उठली...

घासलेलीच भांडी.

रविवार होता. दुपारचे सव्वातीन, बाहेर लख्ख ऊन. ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर मावशी एकटी.

तिच्या ऑफिसात अंध मुलांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करतात. वाचणारे बदलायचे, पण आवाज साफ करणारे एकच, मास्तर. प्रत्येक प्रकरणाचा नंबरही तेच सांगायचे. आधी घसा खाकरायचे, मग "प्रकरण पहिलं."

मास्तरांची तऱ्हाच वेगळी. कॉम्प्युटर विंडोजचा, पण यांना हत्यारं युनिक्सची, म्हणजे दुसऱ्याच पद्धतीची लागायची. काळी खिडकी उघडून त्यात हुकूम टाइप करायचे. दोघांचे परवानग्यांचे, म्हणजे कुठली फाइल कोणी उघडायची याचे, नियम निराळे. एका म्यानात दोन तलवारी म्हटल्यावर काय होणार? मधूनच एखादी फाइल अशी रुसायची की कोणालाच उघडेना. मग मास्तर दोन ओळी टाइप करायचे आणि रुसवा जायचा.

मग मास्तर आजारी पडले.

गुरुवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला, मास्तर गेले. माणूस गेला की त्याच दिवशी कॉम्प्युटरवरचं त्याचं खातं पुसून टाकायचं, असा ऑफिसचा नियम. ते काम मावशीचं. चार वाजता तिने डोळे पुसत ते उरकलं.

सहाला पुन्हा फोन.

गेला तो शेजारच्या खाटेवरचा माणूस होता.

मास्तर होते... शनिवारी पहाटेपर्यंत होते.

मावशीने घाईघाईने त्याच नावाचं नवं खातं केलं. म्हटलं, कोणाला कळतंय. पण कॉम्प्युटर नावाने ओळखतच नाही. प्रत्येक खात्यामागे एक लांबलचक नंबर असतो, आणि एकदा पुसलेला नंबर पुन्हा कोणालाच मिळत नाही.

गणिताच्या पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणाची फाइल त्या पुसलेल्या नंबरच्या मालकीची होती.

आणि ती हवी होती एका मुलीला. बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणतात. याच विषयात ती एकदा नापास झाली होती. पेपर सोमवारी. शेवटच्या प्रकरणातली उदाहरणं तिच्या शिक्षिकेने तोंडीच सोडवून दाखवलेली, कागदावर कुठेच नाहीत. होती ती त्याच फाइलमध्ये.

मावशीने फाइल उघडली.

"परवानगी नाही."

तिने फाइलची मालकी स्वतःकडे घेतली. मालक, मावशी. झालं काम.

"परवानगी नाही."

पुन्हा पाहिलं, तर मालकाच्या जागी... तोच नंबर.

मग मास्तरांची काळी खिडकी उघडली. कोणाला काय करता येतं ते तिथे अक्षरांनी दिसतं. अक्षरं नव्हतीच. नऊ आडव्या रेघा. म्हणजे कोणालाच काही नाही. तिने हुकूम दिला, अक्षरं आली. डोळे चोळून पाहिलं... रेघा.

शेजारी फाइलची वेळ होती, म्हणजे तिच्यात शेवटचं कधी लिहिलं गेलं ती. तीन एकेचाळीस.

मग तीन बेचाळीस.

मग तीन त्रेचाळीस...

जी फाइल उघडतच नाही, तिच्यात लिहितंय कोण?

एवढ्यात मास्तरांच्या टेबलावरच्या हेडफोनमधून कोणीतरी घसा खाकरला.

मावशीने वायर धरून ओढली. दुसरं टोक हातात आलं. ती कुठेच जोडलेली नव्हती.

मावशी म्हणते, पाय दाराकडे वळले होते. तेवढ्यात फोन वाजला. रेडिओ. आज पहिल्यांदाच ती एवढंच बोलली, "मॅडम, मिळेल ना?"

मावशी परत फिरली. मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"मास्तर, गुरुवारी मी घाई केली. तुम्ही होतात. चुकलं माझं. पण पोरीचा पेपर आहे हो."

पंखा थांबला. कॉम्प्युटरचा दिवा मात्र चालू होता.

पहिल्या रेघेच्या जागी एक अक्षर उमटलं. फक्त वाचायची परवानगी. बदलायची नाही, पुसायची नाही.

मावशीने सुरुवात ऐकली, प्रकरणाचा नंबर सांगणारा मास्तरांचा आवाज आणि मग रेडिओच्या शिक्षिकाबाई. पुढचं ऐकायला थांबलीच नाही. फाइल पाठवली आणि जिना दोन-दोन पायऱ्या करत उतरली.

रात्री आठला रेडिओचा फोन आला. सगळी उदाहरणं समजली, आता पास होणारच, वगैरे वगैरे. फोन ठेवता ठेवता म्हणाली,

"मॅडम, बाईंचं संपल्यावर शेवटी काका काहीतरी विचारतात. त्यांना काय सांगू?"

"काय विचारतात?"

"म्हणतात, मी आहे ना अजून?"

रेडिओ पास झाली. चांगले बासष्ट गुण पडले.

मावशीने शेवटपर्यंत ती फाइल ऐकलेली नाही. पुसायचा प्रयत्न ऑफिसच्या साहेबांनी केला, पुसली जात नाही. मालकाच्या जागी अजून तो नंबरच.

गेल्या आठवड्यात मावशीने न राहवून फाइलची फक्त वेळ पाहिली...

गुरुवार. दुपारचे चार.