डाव्या दिव्यातली लोकर

सायलीनं इंद्रजीतला पहिल्यांदा डोळा मारला, तो पिकअपच्या डाव्या हेडलाइटनं. खोटं वाटत आसंल तर न्हावऱ्याच्या फाट्यावर जाऊन विचारा! भर दुपारी पिकअप त्याच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानापुढं थांबली, आन् डावा दिवा लागतोय, विझतोय, पुन्हा लागतोय... टपरीवरच्या दहा माणसांच्या हातात चहा गार झाला. इंद्रजीतच्या हातातला करंट तपासायचा टेस्टलँप तर म्हणं वायर न लावताच पेटला.

"ओ मिस्त्री, दिवा बघा. मला न्हाई."

"दिवाच बघतोय की."

"मग मान वर कशाला?"

पोरगी केंदूरची. बापानं मेंढरं विकून पिकअप घेतली, आन् भावाच्या आधी हिनंच स्टेअरिंग धरलं. लेंडीखत भरायचं, केडगावकडं उसाच्या रानात नेऊन टाकायचं.

इंद्रजीतनं फ्यूज बघितला. चांगला. बल्ब बदलला, तरी तेच. मोठा लाइट टाकला की डावा दिवा मलूल, आन् इंडिकेटर उगाच मिणमिणायचा.

"करंट येतोय," तो म्हणाला, "पण परत जायला त्याला वाट न्हाई. अर्थिंग सुटलंय."

"आल्या आल्या परत जायची येवढी घाई?"

इंद्रजीतचे कान लाल झाले. मान खाली घालून त्यानं बॅटरीमागचा बोल्ट खोलला... तर वायर आन् पत्र्याच्या मधी काळ्या लोकरीचा धागा!

"आगं बया! ही माझी आज्जी, कुशाबाई," सायलीनं कपाळाला हात लावला. "आमच्या शेवटच्या मेंढीची लोकर हाय. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून..."

"बोल्टाखाली?"

"तिला वाटलं, समद्या वायरी हितंच येत्यात, म्हंजी गाडीचं काळीज हितंच."

त्यानं पत्रा घासून लख्ख केला, बोल्ट आवळला, धागा आरशाला बांधून दिला. दिवा असा पेटला, की दुकानातल्या पाली दिपून खाली पडल्या.

पंधरा दिवसांनी पिकअप पुन्हा डोळा मारत हजर. बोल्टाखाली पुन्हा लोकर.

"आज्जीच," सायली आभाळाकडं बघत म्हणाली.

"आज्जीकडं दहा नंबरचा पाना हाय?"

"आज्जी लई पोचलेली हाय, मिस्त्री."

मग दर पंधरवड्याला तेच. दोन मिनिटांच्या कामाला हा तासभर लावायचा. स्विच बघ, रिले बघ... ती बॉनेटला टेकून केसातलं खताचं कुसळ काढत बसायची. निघालेला धागा तो गुपचूप बल्बाच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचा. सहा धागे झाले.

पुढच्या खेपेला ती हसली न्हाई.

"मिस्त्री, घरात स्थळं बघायला लागल्यात."

इंद्रजीतचा पाना बोल्टावर तसाच ऱ्हायला. शब्द पार ओठापर्यंत आला हुता... पण बाहेर पडला तो भलताच. "रिले... एकदा चेक करतो."

"करा. रिलेच चेक करा." ती गाडीत बसली. चावी फिरवली, गाडी चालू झाली, तरी ती निघंना. "दर बारीला गाडीच मिस्त्रीकडं येती. कवातरी मिस्त्रीनं गाडीकडं यावं. केंदूर काय लांब न्हाई."

पण मिस्त्रीची खोड लई वाईट. बिघाड आपल्या दारात यायची वाट बघायची. पंधरा दिवसांनी येईलच की, तवा बोलू. पंधराचे तीस झाले. सकाळी मोटारसायकलला किक मारायचा, आन् वाटायचं, आपण तिकडं गेलो आन् ती हिकडं आली तर? मग गाडी पुन्हा स्टँडवर. दीड महिना त्यानं रस्त्यावरच्या दर गाडीचा डावा दिवा बघितला.

आन् एका संध्याकाळी पिकअप आली. डोळा मारत!

इंद्रजीतनं हात पुसले, केस सारखे केले. आज बोलायचंच. पण दार उघडून उतरला तो सायलीचा भाऊ, सार्थक.

"ताई म्हणली, न्हावऱ्याच्याच मिस्त्रीला दाखव. दुसऱ्याला सापडायचं न्हाई."

बोल्ट खोलला. लोकर हुती. पण काळी न्हाई, हळदीनं पिवळी झालेली. अजून वली. बोटाला लागली.

"उद्या लगीन हाय तिचं," सार्थक सांगत हुता. "दौंडला दिलीया. पोरगा चांगला हाय, तरी महिनाभर हीच न्हाई न्हाई करत हुती. गेल्या आठवड्यात व्हय म्हणली. आन् आज हळदीच्या अंगानं बॉनेट उघडून काय करत हुती, देव जाणं! आई कसली वरडली... दिवा चांगला करा बरं का. पाठवणी ह्याच गाडीतनं हाय."

इंद्रजीतनं पत्रा घासला. लई येळ घासला. बोल्ट आवळला, वर दुसरा नट चढवला.

"ताईला सांगा..." तो म्हणाला, आन् थांबला.

"काय?"

"आता पुन्हा बिघाड यायचा न्हाई."

पिकअप फाट्यावर वळली, तवा दोन्ही दिव्यांचा उजेड एकदाच त्याच्या अंगावर आला. डावा दिवा लख्ख. त्यानं खूप वाट बघितली, पण तो एकदाबी लवला न्हाई.