बिराजदारबाईंचा लेखनठसा

पडद्यावर नाव उमटले तेव्हा पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. डॉ. ऋजुता खांडेपारकर तेवढी टाळ्या न वाजवता नावाखालचा तपशील वाचू लागली.

इंदुमती बिराजदार. वय सदुसष्ट. सोलापूरच्या एका तंत्रनिकेतनातल्या निवृत्त अध्यापिका.

"या बाई वीजजाळं पाडतील?" ऋजुताने विचारले.

"बाई असो की बुवा, ठसा खोटं बोलत नाही," निरंजन केळशीकर म्हणाला. ठसाशोधक ही यंत्रणा त्याच्याच कंपनीने बनवलेली होती.

गेल्या महिन्यात कुणीतरी वीजजाळ्याच्या नियंत्रक यंत्रांत घातक प्रोग्रॅम सोडला होता. पाच जिल्हे अंधारात बुडाले. रुग्णालयांतली जनित्रे डिझेल संपून एकामागून एक बंद पडली आणि कृत्रिम श्वासावरची माणसे गेली. लोक पेटले होते. सरकारला गुन्हेगार हवा होता, आणि ताबडतोब हवा होता.

ऋजुता सायबर दहशतवादाचा अभ्यास करणाऱ्या धोरण केंद्रात संशोधक होती. ठसाशोधकाविषयीचा अहवाल तिनेच लिहिला होता. 'तपासाला दिशा मिळण्यापुरता वापर करावा, पुरावा म्हणून करू नये,' असे तिचे वाक्य होते. मंत्रालयातून कायदा बाहेर पडला तेव्हा त्यातले 'वापर करावा' एवढेच शिल्लक होते.

"जुळलं म्हणजे नेमकं काय जुळलं?" तिने विचारले.

"प्रत्येकाचं हस्ताक्षर वेगळं असतं ना, तशी प्रोग्रॅम लिहिण्याची लकबही वेगळी असते. कोण आधी काय तपासतो, कशाला काय नाव देतो, मोजणी कुठून सुरू करतो. अशा हजारो लकबींचा मिळून लेखनठसा होतो. भाषा बदला, नावं बदला, ठसा तोच राहतो. घातक प्रोग्रॅमचा ठसा या बाईंच्या प्रोग्रॅमिंगच्या पाठांशी हुबेहूब जुळतो. त्यांच्या सहा माजी विद्यार्थ्यांशीही बराच जुळतो."

"अरे, बाईंची लकब विद्यार्थ्यांत उतरणारच की!"

"कायद्यात त्याला टोळी म्हणतात," केळशीकर म्हणाला.

सातही जणांना अटक झाली. वाहिन्यांनी बाईंचे नाव 'अंधाराची मास्तरीण' ठेवले. सोलापुरात त्यांच्या घराच्या दाराला कुणीतरी डांबर फासले.

ऋजुता विशेष न्यायाधिकरणाची परवानगी काढून कोठडीत त्यांना भेटायला गेली. बाई ताठ बसल्या होत्या. चष्म्याची एक काडी अटकेच्या झटापटीत मोडली होती, ती त्यांनी दोऱ्याने बांधली होती.

"तुम्ही सरकारच्या?"

"अभ्यास केंद्राची. ठसाशोधकावरचा अहवाल माझा आहे."

"मग बसा. शिव्या घालायला मला माणूस हवंच होतं."

ऋजुता बसली. शिव्या काही आल्या नाहीत. बाई म्हणाल्या, "त्यांनी मला तो प्रोग्रॅम दाखवला. काम राक्षसाचं आहे, पण लिहिलाय नेटका. आधी ताट रिकामं आहे का ते तपासलंय, मगच वाढलंय. मोजणी शेवटाकडून. मी पोरांना अस्संच शिकवायची. वाचताना मलाच वाटलं, हे मी कधी लिहिलं?"

"एखाद्या विद्यार्थ्याने..."

"माझ्या पोरांवर जाऊ नका! नियंत्रकांची ती जुनी भाषा आता शिकवतंय तरी कोण? कुठे पुस्तक नाही, क्लास नाही. म्हणून निवृत्त होताना माझे सगळे पाठ मी नेटवर टाकले. फुकट. ज्याला हवं त्याने शिकावं."

"कुणी वाचले?"

"आधी शे-दोनशे. मग एका वर्षी आकडा एकदम लाखांत गेला. मला वाटलं, देशातली पोरं शिकायला लागली! गल्लीत पेढे वाटले हो मी."

ऋजुता पुढे झुकली. "बाई, ती पोरं नव्हती. यंत्रं होती."

"काय म्हणता?"

"आता प्रोग्रॅम माणसं कुठे लिहितात? लेखनयंत्रं लिहितात, आणि ती शिकली नेटवर जे सापडलं त्यातून. नियंत्रकांच्या भाषेत नेटवर एकट्या तुमचे पाठ होते. हल्लेखोराने स्वतः एक ओळही लिहिलेली नाही. यंत्राला सांगून लिहून घेतलं. यंत्राने लिहिलं ते तुमच्या वळणाने."

बाईंना हे उमगायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मला न विचारता माझ्याकडून शिकले, त्या शिकण्याचा धंदा केला, आणि त्यातून कुणी माणसं मारली तर आत मी? माझी पोरं?"

परतताना गाडीतच ऋजुताने सुनावणीत साक्ष द्यायची परवानगी मागणारा अर्ज लिहिला.

सुनावणी न्यायमूर्ती राजाध्यक्षांपुढे बंद दाराआड झाली. बाई आरोपीच्या पिंजऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. ऋजुताने आपले म्हणणे मांडताच केळशीकर हसला. "हा निव्वळ तर्क आहे, साहेब. पुरावा कुठे आहे?"

"पुरावा यांच्याच संगणकात आहे," ऋजुता म्हणाली. "ठसाशोधक हाही एक प्रोग्रॅमच आहे, आणि नियंत्रक तपासणारा त्याचा भाग त्याच जुन्या भाषेत आहे. त्या भागाची मूळ संहिता, म्हणजे तो ज्या ओळींत लिहिलाय त्या ओळी, त्यालाच तपासायला द्या. लिहिणाऱ्याचं नाव तो सांगेल."

"ते राष्ट्रीय गुपित आहे!"

"संहिता कुणी वाचणार नाही," न्यायमूर्ती राजाध्यक्ष म्हणाले. "फक्त नाव बघू. चालवा."

केळशीकरने नाइलाजाने आज्ञा दिली. पडदा थोडा वेळ कोरा राहिला. मग त्यावर नाव आले.

इंदुमती बिराजदार.

"ठसाशोधक तुमच्या माणसांनी लिहिला की लेखनयंत्राने?" न्यायमूर्तींनी विचारले.

केळशीकरने पुन्हा पडद्याकडे पाहिले. यंत्राने म्हणावे, तर खटला कोसळत होता. माणसांनी म्हणावे, तर कुठल्या माणसांनी, ते पडदा सांगत होता. तो एकदम ओरडला, "ही बाई आमच्याकडेही घुसली असणार! ठसा खोटं बोलत नाही!"

"नीट विचार करून बोला. ठसाशोधक या आरोपीने लिहिला, असं म्हणताय?"

"यंत्रणा सांगते, तर तसंच!"

ऋजुता उठली. "साहेब, ठसा चुकत असेल तर बाईंविरुद्ध पुरावाच नाही. आणि ठसा खरा असेल, तर दहशतवाद्याने लिहिलेल्या यंत्राच्या शब्दावर आपण माणसं तुरुंगात टाकतोय. अशा यंत्राची साक्ष तुमचाच कायदा मानत नाही. यांनी कुठलंही उत्तर द्यावं, खटला टिकत नाही. ज्याने खरोखर माणसं मारली तो मात्र महिनाभर मोकळा फिरतोय, कारण त्याला शोधायचं सोडून आपण त्याच्या यंत्राची शिक्षिका पकडून आणली!"

न्यायमूर्तींनी पडद्यावरचे नाव पुन्हा एकदा वाचले. मग त्यांनी आदेश सांगितला. लेखनठसा पुरावा म्हणून ग्राह्य नाही; इंदुमती बिराजदार यांना मुक्त करण्यात येत आहे. कामकाज गोपनीय राहील.

शिपायाने पिंजऱ्याचे दार उघडले. बाई उठल्या नाहीत.

"बाई, तुम्ही सुटलात," ऋजुता हळूच म्हणाली.

"आणि माझी सहा पोरं?"

"त्यांचे खटले वेगळे आहेत," न्यायमूर्ती म्हणाले. "यथावकाश तारखा लागतील."

"त्यांना धरलं ते माझ्या वळणावरून. माझं वळण पुरावा नाही, असं तुम्ही आत्ताच म्हणालात. मग त्यांच्या बाबतीत ते पुरावा कसं काय होतं?"

न्यायमूर्ती समोरचे कागद चाळू लागले.

"आता मी मोकळी बाई आहे ना?" बाईंनी पदर सावरला आणि त्या खुर्चीत आणखी मागे टेकून बसल्या. "मग मी कुठे बसायचं ते मी ठरवणार. ती सहाजणं या दारातून बाहेर येईपर्यंत मी इथेच बसणार."

शिपायाने न्यायमूर्तींकडे पाहिले. मुक्त झालेल्या स्त्रीला आरोपीच्या पिंजऱ्यातून ओढून काढायचे कलम त्या कायद्यात नव्हते. राजाध्यक्षांनी डोळे मिटून कपाळ चोळले.

"त्या सहाजणांना खालच्या कोठडीतून वर घेऊन या," ते शिपायाला म्हणाले. "आत्ताच."