शिरवण्याचा तुलनागट

सन २०४१. शिरवणे खाडीच्या काठावरच्या सागरी औषध प्रयोगशाळेत डॉ. ओगले डोक्याला हात लावून बसले होते. कालवांमधून त्यांनी काढलेलं ‘स्नायुजनक’ फाटलेला स्नायू पुन्हा विणतं, हे उंदरांनी सिद्ध केलं होतं. माणसांनी मात्र दगा दिला. गावातल्या निम्म्या जखमींना खरी गोळी दिली, तुलनेसाठी निम्म्यांना नुसत्या तांदळाच्या पिठाची. आणि दीड महिन्यात दोन्ही गट सारखेच टुणटुणीत!

त्यांची सहायक डॉ. विशाखा तांडेल याच गावची. तिला हसूच आलं.

“सर, आमच्याकडे कुणाला मार बसला की घरची बाई ओहोटीला कोयती घेऊन खडकांवर जाते. मग रोज कालवांचं कढण. तुमचं औषध दोन्ही गटांच्या पोटात होतं.”

“म्हणजे औषध गुणकारी आहे,” ओगले सावकाश म्हणाले. “आपला तुलनागट तेवढा चुकला.”

विशाखाने हे सगळं अहवालात मोठ्या अभिमानाने लिहिलं. खुळी पोर! तिला वाटलं, आता दवाखान्यादवाखान्यांत कढण मिळेल. प्रयोगशाळा चालवणाऱ्या कंपनीने त्यातून एवढंच वाचलं, की इथला कच्चा माल उत्तम आहे. यंत्रं आली आणि त्यांनी खडक शिंपल्यांसकट खरवडून नेले. कालवाचं पिल्लू बहुतेक जुन्या शिंपल्यावरच बसतं. शिंपलेच गेले, तर बसणार कुठे? सहा वर्षांत खडक बोडके झाले.

मग दुसरी चाचणी ठरली, त्याच गावात. नेमका तेव्हाच विशाखाचा थोरला भाऊ सदानंद ट्रॉलरच्या दोरात सापडला आणि त्याची मांडी फाटली. वहिनी कोयती घेऊन गेली ती रिकाम्या हाताने परतली. ऐंशी दिवसांत स्नायू विणला गेला नाही, तर तिथे कायमचा व्रण धरतो आणि पाय जन्माचा अधू होतो. औषध अजून बाजारात नव्हतं, चाचणीबाहेर द्यायला कंपनी तयार नव्हती. विशाखाने भावाचं नाव चाचणीत घातलं. कुणाला कुठली गोळी, हे संगणकाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

नव्वदाव्या दिवशी याद्या उघडल्या. खरी गोळी घेणारे चालत होते, पिठाची घेणारे लंगडत होते. इतका लखलखीत निकाल ओगल्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

“असा स्वच्छ तुलनागट तेव्हाच मिळाला असता,” ते म्हणाले, “तर सहा वर्षं वाचली असती.”

विशाखाला त्या क्षणी त्यांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा संताप आला. यादीत सदानंदचं नाव दुसऱ्या रकान्यात होतं.

तिने घरी जाऊन भावाला काहीही न लपवता सांगितलं. त्याने आखडलेली मांडी चोळली.

“म्हणजे विशा, कालवं तुम्ही नेलीत,” तो म्हणाला, “आणि मला पीठ दिलंत.”

“हो दादा,” ती म्हणाली.