जाताना चार

पद्मजाला समुद्र हवा होता. मालवणची मुलगी, आणि मी तिला आणून टाकली ओहायोत. इथून दिवसभर गाडी हाकावी तेव्हा कुठे खारा वारा लागतो. ओहायोतल्याच डब्लिन गावात घर होतं, लॉन होतं, दोन गाड्या होत्या. समुद्र तेवढा नव्हता. म्हणून १९८६च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या दिएप नावाच्या गावी जायचं ठरलं. दिएपच का? तर माझ्या ऑफिसातल्या एकाने तिथलं ब्रोशर दिलं आणि पद्मजाने ते फ्रिजवर चिकटवलं. आमच्याकडे एखादी गोष्ट फ्रिजवर लागली की विषय संपला.

आम्ही तिघं. मी, पद्मजा आणि नऊ वर्षांची रुपाली. आता तिघांनी मिळून प्रवासाला निघायचं नाही, हे पद्मजाचं माहेरहून आलेलं शास्त्र. निघायचंच असेल तर एक सुपारी बरोबर घ्यायची. ती चौथी. परत आलं की तिला झाडाखाली सोडून द्यायचं. मी इंजिनिअर माणूस, पण सुपारीने आपलं काय बिघडतंय?

आदल्या वर्षी नायगाराला निघताना नेमकी घरात सुपारी नव्हती. पद्मजाने ड्राइव्हवेच्या कडेचा एक खडा उचलून पर्समध्ये टाकला. करडा, गुळगुळीत, मधोमध पांढरी रेघ. परत आल्यावर तो रुपालीने ठेवून घेतला, आपल्या खिडकीत बसवला आणि त्याला 'चौथा' म्हणायला लागली. "अगं, सोड त्याला आता," असं पद्मजा किती वेळा म्हणाली, पण पोरगी ऐकेल तर शपथ.

तिकिटांचं काम शैलेंद्रकडे होतं. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर एका साडीच्या दुकानावर त्याचं ऑफिस. किराणा भरायला जायचो तेव्हाची ओळख. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला.

"गिरीशराव, बुकिंग झालं. जाताना चार, येताना तीन."

"चार कोण रे बाबा? आम्ही तिघंच."

"अहो, तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी कशाला सांगू?"

त्याने दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जाताना चार, येताना तीन. "कॉम्प्युटर येडा झालाय यार," तो म्हणाला. मला पटलं. कॉम्प्युटर हा माझाच धंदा, ते येडे होतात हे मला चांगलं ठाऊक.

मग मी दिएपच्या हॉटेलला फोन लावला. मालकीणबाईंचं इंग्रजी तुटकं, पण बोलणं गोड. तिघांची खोली तयार आहे म्हणाल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर त्यांनी विचारलं, "चौथ्याला बेड लागणार नाही ना?"

"चौथं कुणी नाहीये."

"हो हो," त्या समजूतदारपणे म्हणाल्या, "ते बीचवरच राहतात."

फोन ठेवून पाणी प्यायला फ्रिजकडे गेलो. ब्रोशरवरच्या त्या बीचवर वाळू नव्हतीच. पार पाण्यापर्यंत गोटेच गोटे. करडे, गुळगुळीत. जवळ जाऊन बघितलं तर पुष्कळांवर पांढरी रेघ होती. असतात बुवा असे दगड जगात, मी स्वतःलाच बजावलं.

त्या आठवड्यात रुपालीच्या खिडकीत ओल दिसायला लागली. खड्याखाली, बशीएवढी. पुसली की पुन्हा. वर छतात गळती नाही, काचेला चीर नाही, बाहेर कोरडं ऊन. मी बोट टेकवून जिभेला लावलं.

खारट.

"या खोलीत किती छान वाटतं हो," मागून पद्मजा म्हणाली. तिने डोळे मिटले होते. "भरतीचा वास येतो."

मला मात्र भीती वाटली. साधी, लहानपणची भीती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना मी खडा खिशात घातला, सायोटो नदीच्या पुलावर गाडी थांबवली आणि दिला भिरकावून. लख्ख ऊन होतं. नदीवर दोन बदकं होती. खडा बुडाला आणि मला एकदम हलकं वाटलं. दिवसभर मी ऑफिसात सगळ्यांशी फार गोड वागलो.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा पद्मजाच्या हातातला डाव तसाच राहिला.

"परत आल्यावर सोडायचं असतं त्याला," ती म्हणाली. "निघायच्या आधी नाही. माणूस कमी केलात तुम्ही."

"अगं, दगड होता तो!"

रुपाली रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "मग आता फोर्थ कोण, बाबा?"

शनिवारी शैलेंद्रचा फोन आला. स्वारी खूश होती.

"गिरीशराव, गेला बरं का तुमचा चौथा! सिस्टीम सुधारली एकदाची. जाताना तीन."

"आणि येताना?"

कागद चाळल्याचा आवाज आला.

"येताना दोन दाखवतंय," तो म्हणाला. "थांबा, करतो मी दुरुस्त."

मी थांबलो नाही. तसाच नदीवर गेलो. बूट-मोज्यांसकट पाण्यात उतरलो, हाताला येतील ते दगड उपसले. तपकिरी, पिवळट, काळे. पांढऱ्या रेघेचा एकही नाही. एक आजोबा काठावरून विचारत होते, काही हरवलंय का?

घरी येऊन पहिलं काम केलं. ट्रिप कॅन्सल केली. तिकिटं, हॉटेल, सगळं. पद्मजाने फ्रिजवरचं ब्रोशर काढलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. समुद्र गेला तर गेला, आमची पोरगी घरात होती.

जिना चढून तिला सांगायला गेलो.

रुपाली जमिनीवर बसून बॅग भरत होती. खिडकी उघडी होती.

"बेटा, दिएप कॅन्सल."

"ओके, बाबा."

पण हात थांबले नाहीत. बॅगेत शाळेची पुस्तकं होती, तिचं पांघरूण होतं. आता ती तिचा जाड लोकरी कोट घडी घालत होती.

"उन्हाळ्यात कोट कशाला गं?"

तिने मान वर केली. केस ओले होते, कपाळाला चिकटलेले.

"तिकडे विंटरमध्ये खूप कोल्ड असतं, बाबा."