घोसाळी का गळली?

"डोकं खाली कर, लवू! पप्पा विहिरीवर आहेत!" क्लेमेंट कुजबुजला.

तिघंही वेलांच्या मांडवाखाली आडवी झाली. एमिलियाच्या नाकासमोरच बोटाएवढी, पिवळी पडलेली घोसाळी विखुरली होती. वाडीत बरेच दिवस असंच चाललं होतं. वेल हिरवेगार, फुलं ढीगभर, पण फळ काही धरत नव्हतं!

मे महिन्याच्या सुट्टीत एमिलिया दरवर्षी वांद्र्याहून गोराईला इसिडोरमामांकडे यायची. ती, मामांचा क्लेमेंट आणि वाडीत कामाला येणाऱ्या जानकीबाईंचा लवू, अशी त्यांची टोळी होती. यंदा मात्र लवूला वाडीत पाय टाकायची बंदी होती. मामांनी चारचौघांत जानकीबाईंना सुनावलं होतं, "उद्यापासून येऊ नकोस. तू वेलांना हात लावलास आणि घोसाळी गळायला लागली. तुझी नजर वाईट आहे!"

जानकीबाईंचा नवरा गेल्याच वर्षी वारला होता.  मामांनी सुनावलं त्या दिवसापासून विहिरीवरच्या बायका त्यांना पाहून हंडा पदराआड धरू लागल्या. आता येत्या रविवारी त्या लवूला घेऊन माहुलला भावाकडे निघाल्या होत्या. तिथे तेलाच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं. खडी वाहायचं काम मिळणार होतं.

"आयेन दोन दिस काय खाल्ल्यान नाय," लवू हळूच म्हणाला.

एमिलियानं वेलावरचं एक फूल खाली वाकवलं. "म्हणूनच तर आलोय ना आपण! हे बघ, ज्या फुलामागे इवलंसं घोसाळं असतं ते मादी फूल. नर फुलातली पिवळी पूड त्याला लागली तरच फळ धरतं. शाळेत शिकवलंय आम्हाला."

"मग लाव की पूड!" क्लेमेंट म्हणाला.

"मी नाही. लवू लावेल. त्याच्याच हातानं फळ धरलं, तर नजरेचं बोलणंच खुंटलं!"

लवूनं नर फुलं तोडली आणि मादी फुलांवर अलगद घासली. एमिलियानं त्या प्रत्येक फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला. रोज पहाटे मामा भाजी घेऊन होडीवर गेले, की तिघं वाडीत शिरायची.

आठवडा सरत आला. लाल दोऱ्याची घोसाळी फुगून तळहाताएवढी झाली. बाकीची गळून पडली!

"झकास!" क्लेमेंटनं उडीच मारली.

एमिलियाला मात्र हसू येईना. "पण एवढी वर्षं हे काम कोण करत होतं रे? नीट ऐका. काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"तेच ना! मागच्या वर्षी इथे केवढी गुणगुण असायची! भुंग्यांना घाबरून तू मांडवाखाली यायचा नाहीस! तेच या फुलाची पूड त्या फुलावर नेत असणार!"

क्लेमेंटचा चेहरा पडला. "काळे भुंगे... ते जुन्या मांडवाच्या बांबूंत राहायचे. पप्पा म्हणाले, पोखरून वाट लावली सगळ्याची. ईस्टरच्या आधी त्यांनी मांडव जाळला आणि हे लोखंडी पाइप आणले. कुंपणाची झाडीही तोडली. तिच्यातलं मोहोळसुद्धा धूर करून उठवलं."

तिघं वाडीच्या टोकाला धावली. राखेच्या ढिगात एक अर्धवट जळलेला बांबू सापडला. लवूनं कोयत्यानं तो उभा चिरला. आत एकापुढे एक लहान लहान खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत पिवळ्या पुडीचा एक गोळा, आणि गोळ्यावर करपून काळी पडलेली भुंग्याची अळी.

 लवूनं बांबूचे दोन्ही भाग पुन्हा जुळवले, जणू उघडायला नको होतं.

शनिवारी दुपारी वाडीत मामांचा आनंदी आवाज घुमला. "अगं एमिलिया, बघ! ती बाई वाडीतून गेली आणि वेल फळायला लागले!"

"नीट बघा ना, मामा," एमिलिया म्हणाली. "ज्यांना लाल दोरा आहे तीच घोसाळी धरलीत."

मामा खाली वाकले. पुढच्या वेलाकडे गेले, मग त्याच्या पुढच्या. "खरंच की! ज्यानं कुणी हे केलं, त्याच्या हाताला यश आहे!"

"मी केलंय," मांडवाआडून लवू पुढे आला.

मामा झटक्यात उभे राहिले. एमिलियानं चिरलेला बांबू त्यांच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं.  मामांनी बोटानं एकेक खोली चाचपली.

रविवारी धक्क्यावर मामा धावतच पोहोचले, मागोमाग एमिलियाही. जानकीबाई गाठोडं घेऊन होडीत बसल्या होत्या. विहिरीवरच्या बायकाही तिथेच उभ्या होत्या.

"जानकीबाई, चूक माझी आहे!" मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "भुंगे मी जाळले आणि आळ तुमच्यावर घेतला. उतरा. परत या वाडीवर."

बायकांनी नजरा वळवल्या. जानकीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मामांकडे.

"तुमी बोललात, बरा वाटला," त्या म्हणाल्या. "पण आता हयसर माझो जीव रमाचो नाय."

होडी सुटली. लवूनं हात हलवला. पाणी रुंदावत गेलं तरी एमिलिया काठावरच उभी राहिली.

"शाब्बास गं पोरी," मामा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "तुम्ही पोरांनी जे पाहिलं, ते मी इतकी वर्षं शेती करून पाहिलं नाही." हीच शाबासकी आठवड्यापूर्वी मिळाली असती, तर ती नाचली असती. आता तिनं फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आणि क्लेमेंट वाडीत गेली. मामाही आले. तिघं फुलाफुलाला पूड लावत निघाली. पाठ भरून आली, मान अवघडली, ऊन डोक्यावर आलं. फुलं मलूल व्हायला लागली, आणि अर्धा मांडव अजून तसाच होता.

मामांनी कपाळ पुसलं. "हे सगळं ते भुंगे रोज करायचे?"

"हो, मामा."

 मामांनी पुढचं फूल हातात घेतलं. वाडीत एवढी फुलं होती, आणि एकाही पंखाचा आवाज नव्हता.